ओहायोचा आवाज, मंगळवेढ्याचा कान

मी हेडफोन बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं कामच नव्हे. दुसऱ्यांचं ऐकायचं आणि मुकाट्याने पुढे पोचवायचं, एवढाच माझा धंदा. पण आज थोडं माझंही ऐका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं एवढंच आठवतं, की एका बाईंनी माझ्या स्पंजवरची धूळ फुंकली आणि मला खोक्यात कोंबलं. खोकं उघडलं ते सोलापुरात, सात रस्त्याजवळ, चादरीच्या दुकानावरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत.

मला पहिल्यांदा डोक्यावर घेतलं अभिमन्यूने. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं आणि ते तिथे बसून करायला अभिमन्यू व्हिसावर जाणार होता. निदान त्याला तसं वाटत होतं. त्याने जाडजूड कोटसुद्धा घेऊन ठेवला. बाहेर बेचाळीस डिग्री आणि हा एसीखाली कोट घालून बसलेला! थंडीची सवय करतोय म्हणायचा. घामाने मात्र मी भिजायचो. व्हिसाच्या सोडतीत त्याचं नाव निघालंच नाही. मग माणूस तिकडे पाठवण्याऐवजी कामच इकडे आणायचं ठरलं. अभिमन्यूने आधी कोट काढला, मग मला, आणि दोघांनाही टेबलावर आपटलं.

मला तिथून उचललं ते पूनमने. मंगळवेढ्याची पोरगी, नोकरीला लागून चारच महिने झालेले, अजून कायम व्हायची होती. काम तिला मिळाल्याचं कळलं तशी ती मला गळ्यात घेऊन गच्चीवर पळाली. आईला फोन लावला आणि पाण्याच्या टाकीभोवती गिरक्या घ्यायला लागली. माझी वायर चक्रीसारखी फिरत होती. आई, म्हणजे अंबुबाई, पलीकडून विचारत होत्या की अमेरिकेचं काम हाय तर डबा कोण देणार. त्यांना समजावता समजावता पूनम हसून हसून खालीच बसली. माझं तर डोकंच फिरलं होतं, आणि मी आहे डोक्यावरच राहणारा.

रोज संध्याकाळी साडेसहाला माझ्यातून डेलचा आवाज यायचा. तिकडे ओहायोत तेव्हा सकाळ असायची. अठ्ठावन्न वर्षांचा, घोगऱ्या आवाजाचा माणूस. दवाखान्याची बिलं मंजूर करणारा तिथला जुना प्रोग्राम त्याने जवळजवळ तीस वर्षं सांभाळला होता. तो त्याने पूनमला सहा आठवड्यांत शिकवायचा होता. डेल स्वखुशीने निवृत्त होतोय, असं आमचे मॅनेजर उदयसिंह सर म्हणाले होते.

शिकवणं रंगायला लागलं. पूनम त्याला 'डेल सर' म्हणायची, तो सर नको म्हणायचा, ती "ओके सर" म्हणायची. एकदा तिने त्याला शेंगाचटणीचं पाकीट पाठवलं. ती त्याने पावावर लोण्यासारखी थापून खाल्ली आणि मग इतका खोकला, की माझा पडदा फाटायचा राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, अजून एक पाकीट पाठव.

पाचव्या आठवड्यात पूनमला एक गोम सापडली. ज्या महिन्यात पाच शुक्रवार येतात, त्या महिन्यात बिलं चुकू नयेत म्हणून डेल एक आकडा हाताने बदलत होता. वर्षानुवर्षं. शिकवताना मात्र त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिने विचारलं.

मग डेल बोलला. तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत सांगतो. "मी निवृत्त होत नाहीये, पूनम. मला काढलंय. तुला शिकवलं नाही, तर जाताना मिळणारे पैसेही देणार नाहीत. म्हटलं, मी गेल्यावर एकदा तरी सगळं यांच्या डोक्यावर कोसळू दे."

पूनमचा कान माझ्याखाली एकदम तापला.

"ते माझ्या डोक्यावर कोसळलं असतं, सर."

"हो. पण ठरवलं तेव्हा मी तुला ओळखत नव्हतो."

दुसऱ्या दिवसापासून त्याने सगळं उघड करून शिकवलं. पण त्या पाच शुक्रवारांच्या मागे चार हजार ओळींचं जंगल होतं. पूनमने जीव तोडून प्रयत्न केला. अर्धंच हाती लागलं. आणि शेवटच्या दिवशी तिकडच्या कंपनीचा फॉर्म आला. सगळं समजलं, अशी प्रत्येक रकान्यात खूण करायची होती.

एका रकान्यात पूनमने लिहिलं, 'समजलेलं नाही.'

उदयसिंह सर धावत आले. त्यांनी तिला परोपरीनं सांगितलं. काम हातचं जाईल, तुझं कायम होणं लटकेल, नुसती एक खूण तर करायची आहे. तिच्या कानातलं झुंबर माझ्यावर टकटक वाजत होतं.

"सर, दवाखान्यातल्या लोकांची बिलं हायेत ती. न्हाय समजलं तर समजलं कसं लिहू?"

घाबरली की ती मंगळवेढ्याचं बोलायची. फॉर्म तसाच गेला.

चार दिवस ऑफिसात तिच्याशी कुणी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी तिकडून निरोप आला. काम इथेच राहील; पूनमला पूर्ण समजेपर्यंत डेलला आणखी सहा महिने ठेवलंय. उदयसिंह सरांनी पेढे मागवले आणि ही कल्पना आपलीच असल्यासारखे ते सगळ्यांना वाटत फिरले. अभिमन्यूने तीन खाल्ले.

डेल त्या संध्याकाळी आधी नुसता हसतच राहिला. मग त्याने सांगितलं, की नोव्हेंबरात त्याची तीस वर्षं भरणार होती, आणि तीस भरली की त्याचा आणि बायकोचा दवाखान्याचा विमा जन्मभर चालू राहणार होता. पूनमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती खुर्चीसकट गोल फिरली. वायर तिच्या गळ्याभोवती तीनदा गुंडाळली, प्लग निघाला आणि फोनच कट झाला.

जानेवारीत त्याचा शेवटचा दिवस आला. पूनमला आता सगळं समजलं होतं. अंबुबाई त्या दिवशी एसटीने हुरडा घेऊन आल्या होत्या. पूनमने मला त्यांच्या पदरावरूनच डोक्यावर बसवलं.

"मास्तर, माज्या लेकीला लई चांगलं शिकवलं बगा. आता घरला बसून काय करणार?"

पूनमने भाषांतर केलं. डेल म्हणाला, नातीला घेऊन मासे पकडणार, आणि कुणी घेतलं तर पुन्हा नोकरी करणार.

"घेतील की. न घ्यायला काय झालं?" अंबुबाई म्हणाल्या.

आता माझा उजवा कान गेलाय. डावाही वायर पिळून धरली तरच चालतो. पूनम कायम झाली. तिला बिनवायरचा नवा हेडफोन मिळाला. हे काम पुढच्या वर्षी आणखी स्वस्तात दुसऱ्या देशात जाईल, अशी कुजबुज मी खणातून ऐकतो. पूनमनेही ऐकलीय. ती पाच शुक्रवारांची वही लिहून काढतेय. पान पान सोपं, काहीही न लपवता. शिकायला येणारी पोरगी कुठली असेल कुणास ठाऊक.

तिला शिकवायची वेळ आलीच, तर मला खणातून काढा. एका कानाने भागेल माझं.