जीभ दाखव

धाकट्याच्या तोंडात मूठभर बारीक खिळे सहज मावायचे. सोफ्याचं कापड ताणायचं, जिभेने एक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाला लावायचा आणि ठाक! कारखान्यात ही सफाई दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हती. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, कौतुकाच्या बाबतीत पक्के कंजूष; पण तेसुद्धा गिऱ्हाइकाला मुद्दाम आत आणून धाकट्याचं काम दाखवायचे. धाकटा म्हणजे मनाच्या आजारापायी दोनदा इस्पितळात राहून आलेला माणूस. घरी पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवायचे. अशा माणसाला कुणीतरी बोलावून बोलावून दाखवतंय, याचं सुख तुम्हाआम्हाला कळायचं नाही.

मग एक दिवस खिळे तोंडात असतानाच सिगारेटच्या खोकल्याची उबळ आली. एक खिळा पार घशापर्यंत गेला. मास्तरांनी पाठीत असे धपाटे घातले, की खिळ्याबरोबर धाकट्याचा सगळा रुबाबही बाहेर पडला.

"सिगारेट सुटेपर्यंत स्प्रिंगा बांधायच्या," मास्तर म्हणाले. "खिळ्यांना हात लावायचा नाही. मला सोफे विकायचेत, पोलिसांना जबाब द्यायचे नाहीत."

झालं! त्याच दिवशी धाकट्याने सिगारेट सोडली.

सोडली म्हणायला काय जातं? हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना. खिशात घालावे तर खिसा चाचपडत, बाहेर काढावे तर टेबल वाजवत. बसला की उठावंसं वाटे, उठला की कशाला उठलो म्हणून चिडे. त्यात त्याच्या डोक्यातला आवाज. त्याला तो भाडेकरू म्हणायचा, कारण तो छदाम न देता राहायचा आणि वर कुरकुर करायचा. एरवी गोळ्यांच्या धाकाने मागच्या खोलीत पडून असलेला हा गृहस्थ आता दारात येऊन बसला.

"एकच ओढ रे," तो म्हणे.

"गप बस," धाकटा म्हणे, आणि नेमकं लोकांसमोर मोठ्याने.

हे सगळं ताई बघत होती. आईवडिलांमागे या थोरल्या बहिणीनेच त्याला सांभाळलं होतं. इस्पितळातली एक रीत तिने जशीच्या तशी घरी आणली होती. आधी गोळी, मग पाणी, मग "जीभ दाखव", आणि जीभ रिकामी दिसली की हातावर सिगारेट. वॉर्डात सगळ्यांना तशीच मिळायची. पूर्वी एकदा धाकट्याने गोळ्या गालात दडवून खिडकीतून थुंकल्या होत्या, आणि पुढे अनवाणी कुठच्या कुठे निघून गेला होता. तेव्हापासून ताईचा भावापेक्षा सिगारेटवर जास्त भरवसा.

"नको," पहिल्याच संध्याकाळी त्याने हात मागे घेतला होता. "सोडली मी."

"सोडली? मग गोळी कशाच्या आशेवर घेशील?"

"घेतली की आत्ता! बघितलीस ना जीभ?"

"जिभेचं मला नको सांगूस. जी मूठभर खिळे सांभाळते, तिला एक गोळी लपवायला कितीसा वेळ?"

आठवडा सरतो न सरतो तोच भलतंच सुरू झालं. अंग झोपायला मागे आणि पाय चालायला. धाकटा पेंगत पेंगत खोलीत येरझाऱ्या घाली. सकाळी उशी लाळेने भिजलेली असे. बोलायला लागला की शब्द एकमेकांना चिकटत. ताईच्या काळजाचं पाणी झालं. येरझाऱ्या, स्वतःशी बडबड, डोळ्यांत धुंदी, मागच्या खेपेलाही असंच तर झालं होतं! दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकून पिणारच. गोळी थुंकतोय हा, तिने ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी गोळी घेऊन झाल्यावर तिने त्याच्यासमोर आणखी एक गोळी ठेवली. शेजारी सिगारेट ठेवली.

"ही माझ्यादेखत गीळ. आणि ही ओढ. माझ्यासाठी ओढ बाबा, पण पहिल्यासारखा हो."

"मघाशी घेतली गं ताई. शपथ."

"शपथा तेव्हाही घ्यायचास."

गिळलेली गोळी काही काढून दाखवता येत नाही. दोन्हींपैकी काहीतरी घेतल्याशिवाय ती झोपायची नाही, हे त्याला दिसत होतं. सिगारेट घेतली तर खिळे गेले. त्याने गोळी उचलली आणि गिळली.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंगा बांधता बांधताच तो अर्धवट सोफ्यात कोसळला. उठवलं तर पाय धरेनात. मास्तरांनी ताईला बोलावलं आणि दोघांनी त्याला इस्पितळात नेलं.

"सिगारेट किती ओढतो?" डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं.

"सोडली त्याने, आणि आता गोळ्याही थुंकतोय," ताई म्हणाली.

"सोडली? मग मला का नाही सांगितलंत?"

"सोडल्याचं काय सांगायचं डॉक्टरांना? धरल्याचं सांगतात!"

"या औषधाच्या बाबतीत सांगावं लागतं. धुरामुळे त्याचं शरीर हे औषध भराभर संपवायचं. धूर थांबला, आता तीच गोळी रक्तात जास्त साठतेय. चांगलं काम केलंय त्याने, फक्त गोळी कमी करायला हवी होती. आणि थुंकत असता, तर असा पेंगला असता का?"

ताई खाली बसली. काल दुसरी गोळी आपणच दिली, हे तिने सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई रागावल्या, पुरत्या रागावल्या. रक्त तपासायला पाठवलं, धाकट्याला देखरेखीखाली ठेवून घेतलं, आणि घरी सोडताना गोळी कमी करून दिली. यापुढे मनाने काही कमी-जास्त करायचं नाही, हे ताईकडून दोनदा वदवून घेतलं.

पेंग उतरली. तलफ काही उतरली नाही. पाय टेबलाखाली थडथडतच होते, आणि भाडेकरूही अधूनमधून डोकावून जात होता. पण खोकला हटला, आणि उद्यापासून खिळे धर म्हणून मास्तरांचा निरोप आला.

त्या संध्याकाळी ताईने गोळी दिली. धाकट्याने ती पाण्याबरोबर घेतली आणि सवयीने जीभ बाहेर काढली. ताईचा हातही सवयीने सिगारेट ठेवायच्या फळीकडे गेला. तिथे आता काही नव्हतं. रिकामा हात घेऊन ती तशीच उभी राहिली, त्याच्याकडे न बघता.

"बघ ना," तो जीभ बाहेर ठेवूनच कसंबसं म्हणाला.

"आत घे ती," ताई म्हणाली. "उद्या खिळ्यांसाठी लागेल."

त्याने जीभ आत घेतली.