अण्णांना न कळलेलं प्रमेय

या, जरा पुढे सरकून बसा. इतक्या लांब बसलात तर मला ओरडून सांगावं लागेल, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. कीर्तनं ऐकून ऐकून मला एक खोड लागली आहे, समोर मान हलवणारं कुणी असल्याशिवाय तोंड उघडत नाही. तेव्हा तुम्ही मान हलवा, आणि मी तुम्हाला एका भटजींची गोष्ट सांगते. चारचौघांत विद्वान म्हणून मान असलेला हा माणूस घरी मुलीपुढे अडाणी होऊन बसला. भटजी म्हणजे माझे वडील, ढुंढिराज. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मुलगी मीच, सई.

आमचं घर पंचवटीत, रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर. अण्णा यात्रेकरूंची धार्मिक कार्यं करायचे. शाळा सातवीपर्यंत, पुढे पाठशाळा. गुरुजींनी एक ओळ म्हणायची, शिष्याने ती दोनदा म्हणायची, की झाली संथा. या रीतीने त्यांच्या डोक्यात इतकं साठलं होतं की पोथी उघडताना मी त्यांना क्वचितच पाहिलं.

मी नववीत गेले आणि भूमिती मला जमेना. अण्णांनी आपली हातखंडा रीत काढली. सकाळी आंघोळ झाली की पुस्तक घेऊन बसायचे आणि संथा द्यायचे. “समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजूंसमोरील कोन समान असतात.” मी दोनदा म्हणायची. मग पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. महिनाभरात सगळं पाठ झालं, अगदी स्वल्पविरामासकट. पाहुणे आले की अण्णा म्हणायचे, “सई, ते त्रिकोणाचं म्हणून दाखव.” मी म्हणायची. पाहुणे धन्य व्हायचे.

दुसऱ्या घटक चाचणीत तेच प्रमेय आलं. पण पुस्तकात त्रिकोण ए, बी, सी होता, आणि पेपरात पी, क्यू, आर, तोही आडवा पडलेला. मी डोळे मिटून ए, बी, सी लिहून आले. आमच्या गणिताच्या छायाबाईंनी शून्य देऊन शेजारी लाल अक्षरात लिहिलं होतं, ‘कोणता त्रिकोण?’ वर चिठ्ठी, की वार्षिक परीक्षेत गणित सुटलं नाही तर मुलीला पुन्हा नववीतच बसावं लागेल.

मी आईला सांगून टाकलं, “धाकट्या मुलींच्या वर्गात मी बसणार नाही. नापास झाले तर शाळा सोडली.”

आई, श्यामला, टेलिफोन खात्यात होती. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून आलेली. ती अण्णांकडे वळून म्हणाली, “ऐकलंत? आता अजून द्या संथा.”

 अण्णा त्या रात्री कमी जेवले.

चैत्र लागला. सत्त्याण्णव सालचा रामनवमीचा उत्सव. अण्णा मला लहानपणापासून कीर्तनाला न्यायचे, परीक्षा तोंडावर असूनही त्या दिवशी नेलं. कीर्तनकार रंगनाथबुवांनी उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, शबरी लावली होती. कीर्तन संपलं, बुक्का लावून झाला, तरी अण्णा हलेनात. शेवटी बुवांना म्हणाले, “गेल्या वर्षीही आपण शबरीच लावली होती. पण आज त्यातलं एकही वाक्य नव्हतं. पाठ कसं करता?”

बुवा उपरण्याने घाम पुसत हसले. “भटजीबुवा, वाक्यं पाठ केली असती तर मध्येच कुणी खोकलं तरी विसरलो असतो. मी आधी घरी आमच्या हिला सांगतो. ती भाजी निवडत असते. ‘शबरीने बोरं चाखली, पण उष्टी द्यायला भ्याली कशी नाही?’ असं काहीतरी विचारते. मला उत्तर आलं नाही, की समजायचं, गोष्ट तिथे कच्ची आहे. ऐकणारं माणूस लागतं हो. तेही लवकर न पटणारं.”

 दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा घाटावरून आले, हातपाय धुतले, आणि जमिनीवर माझ्यासमोर बसले. पाट मला दिला.

“आज तू सांगायचं,” ते म्हणाले. “मी श्रोता.”

मी घडाघडा सुरुवात केली. रचनेपाशी त्यांनी हात वर केला.

“ही मधली रेघ का काढलीस?”

“पुस्तकात काढली आहे.”

“ते झालं. पण का?”

 मी चिडून म्हटलं, “अण्णा, तुम्हीच तर पाठ करून घेतलंत.”

“हो,” ते म्हणाले. “मलाही कळलं नव्हतं. न कळताच तुला शिकवलं मी. चूक माझी आहे, बाळा.”

ज्यांच्या पाया पडायला परगावचे लोक यायचे, ते मला हे म्हणत होते. मी मान खाली घातली. माझा राग तिथेच गेला.

दोन दिवस आम्ही त्या रेघेपाशी अडलो. तिसऱ्या दिवशी अण्णांनी पिशवीतून दर्भाच्या काड्या काढल्या. दोन सारख्या मोडल्या, एक आखूड, आणि फरशीवर त्रिकोण मांडला.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, दर्भ असा खाली?”

“विद्येचंच काम आहे,” अण्णा म्हणाले. “तू बघायला ये.”

त्यांनी चौथी काडी माझ्या हातात दिली. मी ती शेंड्यापासून खाली, कोनाच्या बरोबर मधून ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. आणि मला दिसलं. काडी नसताना त्रिकोण एकच होता, त्याची बरोबरी कुणाशी करणार? काडी ठेवली की दोन झाले, एकमेकांसमोर उभे. मग तुलना करता येते. मी ते अण्णांना सांगितलं, घाईघाईत, अडखळत. मधली काडी दोघांना सामाईक, शेंड्याचे अर्धे कोन सारखे, बाजू मुळातच सारख्या, म्हणजे बाकोबा कसोटी.

“हे बाकोबा कुठल्या गावचे?” अण्णांनी विचारलं.

“बाजू, कोन, बाजू,” मी हसत म्हटलं.

“असं होय. मला वाटलं खंडोबाचे भाऊ.”

त्यानंतर परीक्षेपर्यंत रोज दुपारी माझं कीर्तन असायचं. आई सुट्टीच्या दिवशी टाळकऱ्यासारखी मागे उभी राहायची आणि मी अडले की म्हणायची, “मागून घे पुन्हा.” अण्णा कधी मुद्दाम काड्या फिरवून ठेवायचे, कधी शिरोबिंदूंना आमच्या नातेवाइकांची नावं द्यायचे. श्यामलाकोन आणि ढुंढिराजकोन समान आहेत हे सिद्ध केलं, तेव्हा आई म्हणाली, “कागदावर तरी झालो.”

गणिताचा पेपर देऊन घरी आले तेव्हा ओसरीवर इंदूरचे यजमान बसलेले. अण्णा त्यांना “दहा मिनिटं थांबा” म्हणाले आणि माझ्याकडे वळले. पेपर सोपा होता का, किती मार्क पडतील, काही विचारलं नाही.

“काय आलं होतं ते सांग.”

मी सांगितलं. एल, एम, एन नावाचा त्रिकोण होता, शेंडा खाली. मी खिशातल्या पेनाने हवेतच काढला. रेघेपाशी येताच यजमानांपैकी एका आजोबांनी विचारलं, “बिटिया, ये लकीर क्यों?” अण्णा माझ्याकडे बघत राहिले, मध्ये बोलले नाहीत. मी आजोबांना समजावलं. त्यांनी मान हलवली, आणि अण्णांनी उपरण्याने डोळे पुसले.

गणितात शंभरात बेचाळीस पडले. दहावीत गेले. फार मोठी कुणी झाले नाही. सातपूरला एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते, आणि माप चुकलं की का चुकलं हे विचारल्याशिवाय राहत नाही.

अण्णांना मी एकदा विचारलं होतं, “तुम्हाला खरंच कळत नव्हतं, की नाटक करत होतात?” ते म्हणाले, “पहिले तीन दिवस खरंच. पुढचं विचारू नकोस.” दोन हजार आठ साली ते गेले.

आता तुम्ही उठाल, घरी जाल. तुमचं लेकरू वही घेऊन जवळ येईल, आणि उत्तर तुमच्या जिभेवर असेल. तेव्हा क्षणभर थांबा, त्याला म्हणा, “तूच सांग, मला नाही कळलं.” आणि ते सांगायला लागलं, की मनातल्या मनात आमच्या अण्णांची एकदा आठवण काढा.