चोवीस पटींचा तोरा

मी दुर्बीण बोलतेय. चांदण्या दाखवणारी नव्हे, जहाजाच्या कप्तानाच्या डोळ्याला लागणारीही नव्हे; तेवढी प्रतिष्ठा माझ्या नशिबात नव्हती. मी रायफलच्या पाठीवर बसणारी, हरणाच्या शिकारीची दुर्बीण. सध्या खिळ्याला टांगलेली असते. तिथवर कशी पोचले ते सांगते. हसायचं तर मोकळेपणाने हसा, मला आता सवय झाली आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात एकामागून एक भिंगं बसवली, आतली हवा काढून कोरडा वायू भरला आणि मला पाण्यात बुडवून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. पोटातून काढलेली ती सगळी हवा बहुधा माझ्या डोक्यात शिरली असावी, कारण त्या दिवसापासून मी कोणाशी धड बोलेनाशी झाले. माझ्या खोक्यावर सोनेरी आकड्यांत छापलं होतं की मी वस्तू चोवीस पट मोठी दाखवते. कमीत कमी किती पट दाखवते, तेही छापलं होतं, पण तळाशी, बारीक अक्षरांत. सहा पट. सहाच्या खाली मला उतरता येत नाही. या बारीक अक्षरांनीच पुढे माझं नाक कापलं.

मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराजवळच्या एका गावातल्या दुकानात मी काचेच्या कपाटात बसले. माझ्या शेजारी एक बुटकी दुर्बीण होती. दोनपासून सात पटींपर्यंत जेमतेम जाणारी, हाताच्या पंजात मावणारी. मी तिला चिमटी म्हणायचे. ती मला काहीच म्हणायची नाही, आणि हेच मला जास्त लागायचं.

पानगळ सरत आली तशी वाइनो कोस्केला नावाचे एक म्हातारे आपल्या नातीला घेऊन दुकानात आले. लोखंडाच्या खाणीत जन्म घालवलेला माणूस. खांदे अजून दरवाजाएवढे. नात ऐली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. दोघं दारातूनच वाद घालत आत आली, त्यामुळे मामला काय आहे ते मला आपोआप कळलं. सीडरच्या झाडांनी दाटलेल्या दलदलीत आजोबांचं एक मचाण होतं. यंदा ते मचाणावर चढणार नव्हते. गुडघे दुखतात म्हणाले. हंगामाच्या पहिल्या दिवशी ऐलीने तिथे बसायचं. तिने काही करून दाखवलं तर मचाण तिचं, नाहीतर तिच्या काकाचं, अर्वोचं. अर्वोकाका त्या मचाणावर वर्षानुवर्षं डोळा ठेवून होते, आणि मुलीच्या जातीने रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत बसावं, असं त्यांचं मत होतं. ऐलीला ते मचाण हवं होतं. लहानपणापासून हवं होतं.

ती सरळ चिमटीकडे गेली. म्हणाली, "आजोबा, तिथे हरीण तीस-चाळीस पावलांवर येतं. त्या दाटीत मला मोठं नकोय, रुंद दिसायला हवंय. ही बरोबर आहे."

"ही? ही तर बाटलीच्या बुचाएवढी आहे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी मला उचललं.

दुकानाच्या काचेतून रस्त्यापलीकडे चर्चच्या जेवणाची पाटी दिसत होती. आजोबांनी मला डोळ्याला लावलं, पाटीवर धरलं, आणि शाळेतल्या पोराने धडा वाचावा तसे वाचायला लागले. शुक्रवारी तळलेला मासा. लहान मुलांना अर्ध्या किमतीत. पार्सल मिळेल. शेवटापर्यंत गेले आणि परत पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी खरी किंमत ओळखली.

"कसलं साफ दिसतंय गं," ते म्हणाले.

"आपल्याला काय पाटी मारायची आहे?"

"हीच घ्यायची. माझ्याकडून तुला. विषय संपला."

वडीलधाऱ्यांचे विषय असेच संपतात. दुसऱ्याचं बोलणं अर्धं झालं की. ऐलीने अजून दोन-तीनदा सांगून पाहिलं. दुकानदाराला जास्त महागडी वस्तू जात असल्यामुळे त्याला आजोबांचं म्हणणं तात्काळ पटलं. निघताना मी चिमटीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग ऐलीने मला रायफलवर चढवलं आणि खडीच्या जुन्या खाणीत नेम जुळवायला नेलं. तिथे मी काय शोभले! लांबवर लावलेल्या कागदावरचं भोक मी परातीएवढं करून दाखवलं. गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. कागद जागचा हलत नाही आणि झुडपात शिरत नाही, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. उलट झटक्यासरशी मागे येऊन मी ऐलीच्या भुवईवर एक चंद्रकोर उमटवली. तीही मला शोभेचीच वाटली. ऐलीने रुमाल दाबून धरला आणि आजोबांकडे असं पाहिलं की मी त्यांच्या जागी असते तर वितळले असते. आजोबा म्हणाले, "लागतं कधीकधी."

पंधरा नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो, तो तिथला सणच. शाळा बंद, गावं ओस, आणि जो तो आपापल्या जंगलातल्या लाकडी घरात. त्याला ते कॅम्प म्हणतात. कोस्केलांच्या कॅम्पात वाफेच्या अंघोळीची सॉना तापली, कॉफी उकळली, मला मात्र सरपणाच्या खोपटात उंदरांबरोबर ठेवलं. बंदुका थंडीतच ठेवायच्या; गारठ्यातून एकदम उबेत आणल्या की माझ्यासारखीच्या काचांवर वाफ धरते. एवढ्या थोर वस्तूला खोपटात ठेवतात म्हणून मी फुरंगटून बसले.

उजाडायच्या सुमारास आम्ही मचाणावर होतो. खाली बर्फ, चहूकडे सीडरची गर्दी. ऐली इतकी स्तब्ध बसली होती की एक चिमणी तिच्या बुटावर येऊन बसली आणि उडून गेली. आणि मग तो आला. मोठा नर, भरदार मानेचा, खाली तीसेक पावलांवर. ऐलीने हळूच मला डोळ्याला लावलं.

मी माझ्याकडून कमाल केली. एकेक केस सुटा दाखवला. केसांचं अख्खं शेत उभं केलं. पण ते केस मानेचे की ढुंगणाचे, ते मलाही सांगता येईना. ऐलीने मला सहा पटींवर आणलं. मी त्यावरच होते. तिने मला डावीकडे नेलं, झाडाची साल दिसली. उजवीकडे नेलं, परत केस. वर, आभाळ. मान उचलून उघड्या डोळ्यांनी पाहिलं की नर आख्खा समोर, शिंगांसकट, रवंथ करत. माझ्यातून पाहिलं की पुन्हा शेत. गोळी कुठे लागेल ते कळत नव्हतं, म्हणून तिचं बोट चापापर्यंत गेलंच नाही. नराने सावकाश एक फांदी कुरतडली, शेपटी झटकली आणि तो सीडरमध्ये शिरला.

ऐली माझ्याकडे पाहून एक शब्द बोलली. तो मी इथे सांगणार नाही.

दुपारी तिने खोपटात जाऊन स्क्रू काढले, मला रायफलवरून उतरवलं आणि कॅम्पात शिरून जेवणाच्या टेबलावर, मांस-बटाटा भरलेल्या गरम पॅस्टींच्या ताटाशेजारी आपटलं. गारठ्यातून उबेत आल्याबरोबर माझ्या दोन्ही काचांवर वाफ धरली. लाजेने धरली म्हटलंत तरी चालेल. त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलं.

कोस्केलांच्या भिंतीवर शर्टांचे तुकडे ठोकलेले आहेत. नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर लावायची, हा तिथला नियम. त्या भिंतीवर ऐलीचे वडील आहेत, अर्वोकाका तर चार ठिकाणी आहेत. आजोबांचा एकही तुकडा नव्हता. ते हे न सांगता कॉफीचा कप भरत नसत.

"काय पुतणीबाई, आम्हाला आवाज नाही आला तो? कानात बोळे होते वाटतं आमच्या," अर्वोकाका म्हणाले. ऐलीने घडलं ते सांगितलं. काका मनापासून हसले. हातातला नर सोडणं म्हणजे चुकण्यापेक्षा वाईट, म्हणाले. काढ शर्ट, आणि मचाणाचंही आत्ताच ठरवून टाकू.

"मी गोळी झाडलेली नाही. नियम गोळीचा आहे," ऐली म्हणाली.

तेवढ्यावर थांबलं असतं. पण आजोबांना राहवलं नाही. एवढी चांगली काच घेऊन दिली, तिच्यातून दिसलं नाही म्हणजे पोरीने नेटाने बघितलंच नसणार, हल्लीच्या मुलांना धीर म्हणून नाही, वगैरे सुरू झालं. मग ऐलीने विचारलं, "आजोबा, ही तुम्ही माझ्यासाठी घेतलीत, की स्वतःसाठी?"

तिची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"दारावरचं ते फडकं कोणाचं आहे, सांगा."

"तुझ्या बापाचं," आजोबा लगेच म्हणाले. "लग्नाच्या आदल्या वर्षीचं. अगं, ही भिंत मला पाठ आहे."

चुलीत लाकूड तडतडलं. मग अर्वोकाकांचा आवाज आला, आणि त्यात हसू नव्हतं. "बाबा, ते मी उन्हाळ्यात हलवलं. फळी कुजली होती म्हणून. आता तिथे माझं आहे. नाव चांगलं वीतभर अक्षरांत लिहिलंय."

"पाठ होतं ते सांगितलं," आजोबा म्हणाले.

मला तेव्हा चर्चच्या पाटीची आठवण झाली. दोनदा वाचली होती त्यांनी. मी ते माझं कौतुक समजले होते.

"कधीपासून?" ऐलीने विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

"गेल्या वर्षी मचाणावरून मी एक गोळी झाडली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा बंदूक तपासली म्हणालो. मला शिंगं दिसली होती. जवळ जाऊन पाहिलं तर ओंडका. ओंडका होता म्हणून बरं. अर्वो त्या दिवशी त्याच बाजूला फिरत होता."

अर्वोकाकांनी कप खाली ठेवला. एवढाच आवाज झाला.

"कात्री कुठे आहे?" आजोबांनी विचारलं.

"आजोबा, राहू द्या ना."

"नियम गोळीचा आहे, तूच म्हणालीस ना? मग काप. आणि बेताने काप, शर्ट नवा आहे."

कात्रीचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. जाड लोकरीचा शर्ट होता, सहजासहजी कापला जात नव्हता.

अर्वोकाकांनी विचारलं, "आणि मचाण?"

"तिचं. जे दिसलं नाही त्याच्यावर तिने गोळी झाडली नाही. एवढी अक्कल यंदा या घरात तिच्याकडेच दिसतेय."

"आणि तुम्ही सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे," ऐली म्हणाली.

"हंगाम संपू दे, मग बघू."

"सोमवारी. विषय संपला."

माझ्या काचा निवळल्या तेव्हा भिंतीवर लाल चौकड्यांचा नवा तुकडा होता.

दुसऱ्या सकाळी ऐली मला टेबलावर टाकून गेली. रायफलच्या नळीवरची नेम धरायची साधी लोखंडी माशी तिला पुरेशी होती. मी खिडकीपाशी पडून होते. दलदलीच्या बाजूने एक आवाज आला. एकच. अर्वोकाका म्हणाले, कात्री जागेवर ठेवली का कोणी?

आजोबांनी मला उचललं, खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकवलं आणि समोरच्या मोकळ्या गोठलेल्या मैदानावर मला रोखलं. मैदान रुंद होतं, सीडरची रांग पार पलीकडे होती. अशा जागेसाठीच माझा जन्म झाला होता, फक्त तिथे पोचायला मला बंदुकीवरून उतरावं लागलं. झाडांतून शिकाऱ्याच्या नारिंगी कोटाचा एक ठिपका बाहेर आला. मी चोवीस पटींवर गेले आणि त्याची ऐली केली.

"वाकून चालतेय," आजोबा म्हणाले.

"बर्फावर पाय घसरत असेल," अर्वोकाका म्हणाले.

"नाही. थांबली. परत वाकली. ओढतेय रे, ओढतेय काहीतरी." त्यांच्या श्वासाने माझी काच धुरकटली. त्यांनी ती कापलेल्या शर्टाच्या दशांनी पुसली आणि परत पाहिलं. "शिंगं आहेत. ह्या वेळी खरी आहेत. जा, दोरी घेऊन जा तिच्या मदतीला, बघत काय बसलास?"

अर्वोकाका गेले. आजोबा मात्र ती दोघं अंगणात येईपर्यंत माझ्यातून पाहत राहिले.

आता माझा मुक्काम खिडकीशेजारच्या खिळ्यावर, त्या लाल चौकड्यांच्या खाली. आजोबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. तोवर माझी नोकरी पक्की. ते मला घेऊन मैदानावरची हरणं पाहतात आणि कोणाला मारायला नको ते मोठ्याने ठरवतात. ऐलीच्या रायफलवर चिमटी बसली आहे. जाता-येता ती माझ्याकडे बघते आणि अजूनही काही म्हणत नाही.

तर एवढंच मागणं आहे. कधी दुर्बीण घ्यायला गेलात तर आपलं रान आठवा, आणि खोक्यावरचे सोनेरी आकडे सोडून तळाचं बारीक अक्षर वाचा. आणि बरोबर कोणी वडीलधारं असेल, तर माझ्यासारखीला त्यांच्या हातात देण्याआधी त्यांना समोरची पाटी वाचायला सांगा. उघड्या डोळ्यांनी.