कपाटातला डबा

जेवणाच्या भोंग्याआधी कुणी तोंड हलवलेलं मारुतराव मुकादमाला मुळीच खपत नसे. आणि सोनबा तर रोज अकराला यंत्राआड बसून भाकरीचा तुकडा मोडायचा. मावळातला गडी, पिंपरीत कारखाना निघाला तसा कामाला लागलेला.

"पोटात आग पडती, मुकादम," तो एकदा म्हणाला.

"आग कसली, हाव म्हण! बकासुर कुठला!" मारुतरावाने त्याचा डबाच काढून घेतला आणि आपल्या कपाटात घालून कुलूप लावलं. सगळं खातं खो खो हसलं. हसायला काय जातंय! तेव्हापासून डबा रोज जेवणाच्या भोंग्यापर्यंत कपाटात राहू लागला, आणि सोनबा पोट दाबून काम करू लागला.

पंधराव्या दिवशी भोंग्याआधीच तो यंत्रापाशी कोसळला. रक्ताची उलटी झाली. मारुतरावाने स्वतः उचलून त्याला दवाखान्यात नेलं, हे मात्र खरं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "पोट रिकामं असलं की दुखतं?"

"व्हय."

"खाल्लं की थांबतं?"

"तुकडाभर भाकरीनं बी थांबतंय. दोन-तीन तासांनी पुन्यांदा सुरू. रातचं झोपंतनं उठवतंय."

"शौचाला काळं, डांबरासारखं होतं?"

"आठ दिस झालं."

"आतड्याच्या सुरुवातीलाच जखम आहे, तीच वाहतेय. पुण्याला न्यावं लागेल. अरे, खाल्ल्यानं बरं वाटत होतं, तर उपाशी का राहिलास?"

सोनबाने एकदा मारुतरावाकडे पाहिलं. "कामाच्या नादात ऱ्हाऊन जायचं, सायेब."

मारुतरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं सोडून तो पुण्याची गाडी बघायला बाहेर सटकला. भर खात्यात गरजणारा माणूस!

संध्याकाळी सोनबाची बायको शालनबाई कारखान्याच्या दाराशी आली. मारुतरावाला पाहताच ती पाया पडायला वाकली. "भाऊ, तुमी उचलून न्हेलं म्हून जीव वाचला. त्यांचा डबा तेवढा द्या, घरला न्हेते."

त्याने कुलूप काढलं, डबा आणून दिला. तिने तो हातात तोलला.

"जड लागतोय. जेवलंच न्हाईत व्हय?"

मारुतरावाची मान वर होईना.

"भूक लागली हुती त्येला, वयनी. रोजच लागायची. म्याच भोंग्याआधी खाऊ दिलं न्हाई."