पालथी पायरी

मित्रांनो, मी या गावचा जुना बाजारचौक. मुरबाडहून धसईला जाणारी एसटी माझ्या कडेला थांबते. तुम्ही उतरता, वडापाव खाता आणि कागद माझ्याच अंगावर टाकून चालू लागता. असो! त्याचा राग मला नाही. माझा राग वेगळाच आहे, तो आज बोलून टाकतो.

मी जन्माचा चौक नव्हे. वरच्या पाड्यातले लोक आपली गेलेली माणसं माझ्या कुशीत पुरायचे. वर्ष सरलं की त्या माणसाच्या नावाचा दगडी चिरा उभा करायचे. त्यावर कोरलेलं असायचं: वर चंद्रसूर्य, खाली माणूस. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या गळ्यात ढोल. नवं भात झोडलं की पहिली मूठ तांदूळ चिऱ्यापाशी ठेवायची, शेंदूर लावायचा, मगच घरात नवा भात शिजवायचा. आधी गेलेल्यांनी जेवायचं, मग पोरांनी, अशी त्यांची रीत.

माझ्या आंब्यांची सावली गार. तिच्या ओढीनं हळूहळू इथे बाजार भरू लागला. चिऱ्यांच्या मधूनच भाजीवाले आणि सुक्या मासळीवाल्या बसायच्या. चिऱ्याला बोकड बांधायचा नाही, एवढाच नियम. मला केवढा तोरा होता म्हणून सांगू! मेलेले आणि जिवंत जिथे गुण्यागोविंदानं नांदतात असा चौक पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

पाड्यातला लखमा बाजारच्या दिवशी ढोल वाजवायचा. कडेच्या किराणा दुकानदाराचा शेखर तेव्हा एवढासा होता. ढोल ऐकला की दुकानातून धूम ठोकायचा आणि लखमाच्या खांद्यावर जाऊन बसायचा. लखमाची बायको बाळी त्याला आपल्या फडक्यातली भाकर द्यायची. पुढे लखमा गेला. बाळीनं त्याचा चिरा उभा केला, ढोलासकट.

आणि शेखर मोठा झाला. पुढारी झाला! माझं सुशोभीकरण करायचं, भाषणांसाठी स्टेज बांधायचं त्याच्या मनानं घेतलं. एके सकाळी त्यानं बाळीला बोलावलं आणि लखमाच्या चिऱ्यावर हात ठेवून म्हणाला, "मावशे, चिरे थोडे दिस बाजूला काढा. ब्लॉक बसले की जागच्या जागी उभे करतो. लखमाकाकाची आन!"

बाळीनं विश्वास ठेवला. मीही ठेवला.

पाड्याची आणखी एक रीत आहे. चिरा हलवायचा झाला तर तो पालथा निजवायचा. आपली जागा सुटली हे त्या माणसाला दिसू नये म्हणून. पुन्हा उभा करताना तांदूळ टाकून "उठ" अशी हाक मारायची. पाड्यानं सगळे चिरे आंब्याखाली मायेनं पालथे निजवले आणि बापडे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्याला दिसल्या नुसत्या सपाट पाठी. "साहेब, फरशा झकास आहेत! स्टेजच्या पायऱ्यांना लावू का?"

शेखर तिथेच उभा होता. त्याला ठाऊक होतं. तरी म्हणाला, "लाव."

केसानं गळा कापला हो! मला तोंड असतं तर साऱ्या तालुक्याला ऐकू जाईल असा ओरडलो असतो.

उद्घाटन झालं. दिवे लागले, सेल्फी पॉइंट झाला. भातं झोडून झाली आणि बाळी नातीला, अंजूला, घेऊन आली. पदरात नव्या तांदळाची पुरचुंडी. शेखर स्टेजपाशी माईक लावून घेत होता.

"शेखर, तुझा काका कुठं हाय रे?"

"गोडाऊनमधी नीट ठेवलेत सगळे, मावशे. पुढल्या महिन्यात उभे करू."

"मग दाव ना. नवं आनलंय. पोरांनी अजून नवा भात खाल्ला नाय."

"आता चावी नाय माझ्याकडं."

म्हातारी दमली होती. ती स्टेजच्या खालच्या पायरीवर टेकली, अंजू शेजारी बसली. बसताना आधाराला धरलेली बोटं पायरीच्या कडेखाली गेली आणि थबकली. चाचपू लागली. चंद्र. सूर्य. त्याखाली ढोलाची गोलाई. बाळीनं हात बाहेर काढला, तर बोटांना जुना शेंदूर.

"अंजू, उठ गो, उठ! आपन तुझ्या आज्याच्या अंगाव बसलोय!"

सगळा बाजार वळून बघू लागला. शेखर खालच्या आवाजात म्हणाला, "मावशे, आता कसं काढू? उद्घाटन झालंय."

"तुला खांद्याव घ्यायचा रे तो. आन तू त्याच्याव पाय देतंस?"

वरून कुणीतरी भाषणाला हाक मारली आणि शेखर गेला. त्याच पायरीवरून गेला, मित्रांनो.

बाळीनं तांदळाची पुरचुंडी सोडली नाही. सिमेंटात जखडलेल्या माणसाला "उठ" कसं म्हणायचं? ती तशीच पाड्यावर परतली. तिच्या घरात अजून जुनाच तांदूळ शिजतो. दर बाजारी ती येते, पायरीशेजारी जमिनीवर बसते आणि हात कडेखाली घालून ठेवते. नवखी माणसं तिला भिकारीण समजून नाणं टाकतात.

मित्रांनो, माझ्यावर झाडू मारा, कागद उचला, ते चांगलंच आहे. पण त्याआधी दिलेला शब्द सांभाळा. आणि माझ्याकडे आलात तर खालची पायरी ओलांडून चढा. तिथे लखमा पालथा निजलाय, आणि त्याला अजून कुणी "उठ" म्हटलेलं नाही.