शून्य हजेरीचा गुरुवार

“एक गुरुवार कमी आहे,” वेल्डरकाका म्हणाले.

मी वाचायची थांबले. त्यांच्या दुकानात, लोखंडी गजांच्या चळतीशेजारी स्टुलावर बसून मी त्यांना गटाचा इतिहास वाचून दाखवत होते. लेक मांडीवर, तिच्या हातात काकांची मोजपट्टी. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या या गटाला सव्वीस वर्षं पूर्ण होत होती. मी कॉलेज शिकलेली, अक्षर बरं, म्हणून हजेरीच्या सगळ्या वह्या माझ्याकडे आल्या होत्या. त्यांवरून चार पानं लिहायची आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर वाचायची, एवढंच काम.

नवरा चार महिन्यांपासून त्या गटात जात होता. चार महिने संध्याकाळी त्याची किल्ली पहिल्याच खेपेला कुलपात बसत होती. त्याआधीची तीन वर्षं, ती किती वेळा दारावर घासते ते ऐकून मी ठरवायची, लेकीला खेळू द्यायचं की उचलून आतल्या खोलीत न्यायचं. कान अजून मोजतातच.

वह्यांत दर गुरुवारच्या दोनच ओळी, काकांच्या हातच्या. पहिल्या वर्षी बेचाळीस गुरुवार ओळीने तेच: उपस्थिती – एक, चहा – एक. म्हणजे वाचनालयामागची ती खोली उघडून, सहा खुर्च्या मांडून काका तासभर एकटेच बसत आणि कुलूप लावून निघत. मग आकडे चढले, उतरले. एका महिन्यात सातावरून चारावर आले होते. तिघांना आम्ही पोचवून आलो, एवढंच काका त्याबद्दल बोलले.

कधी कधी चहाचा आकडा उपस्थितीपेक्षा मोठा असे. गटाचा नियमच तसा होता. पिऊन आलेल्याला हाकलायचं नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसवायचं, चहा द्यायचा, पण हजेरीत धरायचं नाही.

अकराव्या वर्षाच्या वहीत एका पानावर लिहिलं होतं: उपस्थिती – शून्य, चहा – एक. अक्षर काकांचंच. खोलीची किल्ली एकच, तीही काकांकडे. म्हणजे तो चहा काकांचाच. मी वही मिटली.

नवरा उठता-बसता म्हणायचा, “काकांनी सव्वीस वर्षं थेंब घेतला नाही, आणि मला चार महिने जड जावेत?” आमचं घर त्या सव्वीसावर उभं होतं. मी तो गुरुवार गाळला.

“मुद्दामच सोडला,” मी काकांना म्हणाले. “काय झालं होतं तेव्हा?”

त्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवला. “काही नाही. सगळ्यांना कारण हवं असतं. घरी कोणी आजारी नव्हतं, हाताला काम होतं, बायको धड बोलत होती. दुपारी दुकान बंद केलं आणि गेलो.”

संध्याकाळी खिशात हात घातला तर किल्ली हाताला लागली. कोणी येऊन बंद दारासमोर उभा राहील, म्हणून त्यांनी खोली उघडली, स्वतःचा चहा स्वतः केला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी कोणीच आलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं तेव्हा ऐकायला चौघं होते. आता त्यांतला एकही उरला नव्हता. नवे येत गेले आणि गटाची वर्षं तीच काकांची दारूशिवायची वर्षं, असं मोजत गेले.

“पहिला जो बोलला, त्यालाच अडवायला हवं होतं,” काका म्हणाले. “नाही अडवलं. ऐकायला बरं वाटायचं.”

निदान यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी मीच लिहीन, असं मी परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी मी म्हणाले, “काका, आमच्या घरचा माणूस तुमच्याकडे बघून उभा आहे हो.”

“ठाऊक आहे, पोरी. म्हणून तर लिही.”

लिहिलं. एकोणीस जणांसमोर वाचलं. ती ओळही वाचली. गटातला सगळ्यांत बोलका कंडक्टर म्हणाला, म्हणजे काका, तुम्हीपण आमच्याच गाडीतले की, आणि एकटाच हसला. नवऱ्याने काकांकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते माझ्याकडे. घरी जाताना त्याने लेकीला कडेवर घेतलं नाही. दारात एवढंच म्हणाला, “तुला गप्प बसता येत नव्हतं?” मग आठवडाभर अबोला.

पुढच्या गुरुवारी साडेपाच झाले, सहा झाले. किल्लीचा आवाज नाही. मी लेकीला उचललं आणि निघाले. वाटेतल्या दारूच्या दुकानाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी एकेक पाठ निरखत गेले.

खोली उघडी होती. टेबलासमोर एकोणीस खुर्च्या मांडलेल्या, पण ती ओळ ऐकल्यावर त्यांवर बसायला कोणीच आलं नव्हतं. काका टेबलाशी वही उघडून बसले होते. नवरा दाराजवळच्या खुर्चीवर होता. शर्टाचं बटण चुकीच्या काजात, दोन्ही हातांत कप. वास उंबऱ्यापर्यंत आला. लेकीने त्याच्याकडे हात पसरले. मी तिला घट्ट धरून ठेवलं.

काकांनी वही माझ्याकडे सरकवली. “तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.”

मी उभ्यानेच लिहिलं. उपस्थिती – एक. चहा – दोन.

“मला धरलं नाहीस,” नवरा म्हणाला.

“नाही.”

तो उठला. टेबलावरचा काकांचा कपही त्याने उचलला आणि भिंतीला खांदा घासत मागच्या नळाकडे गेला. मी पाऊल पुढे टाकलं तसे काका म्हणाले, “धुऊ दे त्याला.”

पाण्याच्या धारेत कप एकमेकांवर आपटत होते. मी मोजत उभी राहिले.