फुटलेल्या पाटीवरचं पान

मित्रांनो, त्या रामेश्वरच्या हाताला वळण म्हणून नाही. सख्ख्या चुलतीच्या ओट्यावर चपलांसकट चढला आणि कुऱ्हाडीचा दांडा माझ्या तोंडावर घातला. हे आधी सांगते, जन्माचं मागून.

मी एक जुनी वाचायची पाटी आहे, इलेक्ट्रॉनिक कागदाची. भर उन्हात बांधावरसुद्धा माझी अक्षरं स्वच्छ दिसतात. एकदा उमटलेलं पान टिकवायला मला वीज लागत नाही. बीडच्या दुकानात काचेआड आठ महिने काढले. तिथून संस्कृती नावाच्या मुलीने मला गेवराईकडच्या तिच्या गावी, आजीसाठी आणलं.

आजी म्हणजे सरपंच केसरबाई. शाळा दुसरीपर्यंत. टेबलावर कोणीही कागद सरकवावा आणि त्यांनी सही करावी, असं चालायचं. बारीक अक्षर दिसत नाही हे सांगणं त्यांच्या तोऱ्यात बसत नव्हतं. ग्रामसेवकाकडून मोबाईलवर येणारे कागद संस्कृती माझ्यात भरू लागली. केसरबाई अक्षर बोराएवढं करून, कापसाच्या रानात, बोट लावून मोठ्याने वाचायच्या. अडखळल्या की शिवी मला! त्यांच्या हाताखाली माझीही जीभ तिखट झाली.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी पुतण्या रामेश्वर आला.

"काकू, शाळेच्या दुरुस्तीचा ठराव हाय. करा सही."

"थांब. ग्रामसेवकानं धाडलाय त्यो, पाटीवर वाचू दे."

"कावून? माझ्यावर भरवसा न्हाई का?"

"तुझ्या बापावर व्हता. तू आपला दम धर."

त्यांचं बोट माझ्यावरच्या पाचव्या ओळीवर थांबलं. गावच्या विहिरीलगतची वाळू उपसायला संमती! वाळू गेली की विहीर आटणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"इहीर इकतोस व्हय रे, मेल्या?"

दांडा उठला. पहिल्या घावाला माझा कोपरा फुटला. दुसरा अडवायला केसरबाईंनी हात घातला, तेव्हा मनगटाचं हाड मोडलेलं मी ऐकलं. धावून आलेल्या संस्कृतीला त्याने भिंतीवर आपटलं, तिचा मोबाईल दगडावर चेचला. ओट्यावर रक्ताचे थेंब पडले. तिसऱ्या घावाला माझी बॅटरी चेपली आणि मी पालथी पडले. त्याने मला लाथ मारली.

"मोबाईल फुटला की समदं जातं. गेला पुरावा!"

सकाळी पारावर सभा भरली. भ्यालेला ग्रामसेवक म्हणाला, तसा कागद मी पाठवलाच नाही. रामेश्वर मागे चार दांडेवाले घेऊन हसत होता. "काकू पायरीवरून पडल्या. डोक्यावर परिणाम झालाय."

केसरबाईंनी प्लास्टरातल्या हाताने पदराखालून मला काढलं. मी मेलेलीच होते, पण पान माझ्या तोंडावर होतं तसंच होतं. कोपऱ्याला तडे गेले होते, पाचवी ओळ मात्र शाबूत. त्यांनी ती मोठ्याने वाचली, एकदाही न अडखळता. संस्कृतीने मला सगळ्यांपुढे फिरवलं. आधी बायका उठल्या, मग अख्खी सभा. चार दांडे मुकाट खाली गेले.

मित्रांनो, मला फडक्यात गुंडाळून कपाटात जपू नका. सही करण्याआधी वाचा, एवढीच माझी निगा.

मग केसरबाई रामेश्वरपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"रामेश्वऱ्या, हाड माझं जुळंल. ठाण्यात तुझं नाव मी सोता सांगणार हाय. सुटून आलास की पाण्याला ह्याच इहिरीवर येशील. तवा चपला काढून, बायांच्या मागं रांगंत उभा ऱ्हा."